नैसर्गिक नीतिनियम आणि समाजातील सलोखा : कॅथलिक शिकवण

नैसर्गिक नीतिनियम म्हणजे माणसाला स्वतःच्या बुद्धीने उमगणारा भल्याबुऱ्याचा नियम. तो कोणा राजाने काढलेला नसतो की कोणा संसदेने मंजूर केलेला नसतो; म्हणून राजाला किंवा संसदेला तो रद्दही करता येत नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नीतिविचारात या नियमाला मध्यवर्ती स्थान आहे. खून करू नये, दुसऱ्याचे लुबाडू नये, खोटी साक्ष देऊ नये, दिलेला शब्द पाळावा, हे कळायला बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही, असे ही शिकवण सांगते. वेगवेगळ्या श्रद्धांची माणसे एका गावात, एका देशात नांदू शकतात ती या समाईक विवेकाच्या बळावर. त्यामुळे समाजातील सलोख्याविषयी ख्रिस्तसभा सर्वांशी बोलते तेव्हा ती बहुधा याच नियमाच्या भाषेत बोलते.

‘नैसर्गिक’ या शब्दाने येथे घोटाळा होऊ शकतो. पदार्थविज्ञानातला निसर्गनियम मोडण्याची सोय नसते; हातातून सुटलेला दगड खालीच पडतो. नैसर्गिक नीतिनियम मात्र माणूस मोडू शकतो, आणि रोज मोडतोही. हा नियम माणसाच्या स्वातंत्र्याला उद्देशून आहे. विचार करणारा, इतरांच्या सोबतीने जगणारा आणि सत्याचा शोध घेणारा जीव, हा माणसाचा स्वभाव. त्या स्वभावाचे ज्याने भले होते ते करावे आणि ज्याने तो खुरटतो ते टाळावे, हा या नियमाचा गाभा होय.

विचाराचा उगम

ही कल्पना ख्रिस्ती धर्माच्या आधीची आहे. सोफोक्लिसच्या ग्रीक शोकांतिकेतली अँटिगनी राजाज्ञा झुगारून भावाच्या प्रेतावर माती लोटते, कारण राजाच्या हुकमापेक्षा जुना असा एक अलिखित नियम तिला बांधून घेतो. ॲरिस्टॉटलने निसर्गतः न्याय्य आणि संकेताने न्याय्य असा भेद केला. स्टोइक तत्त्वज्ञांनी साऱ्या विश्वात एकच विवेक भरून राहिला आहे असे मानले आणि रोमन वक्ता सिसेरो याने तो विचार लॅटिनमध्ये आणला. संत पौलाने रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात या विचाराला धर्मग्रंथात जागा मिळाली. मोशेचे नियमशास्त्र ज्यांच्याकडे नाही अशा लोकांच्याही अंतःकरणावर नियम कोरलेला असतो आणि त्यांची सदसद्विवेकबुद्धी त्याची साक्ष देते, असे पौल तेथे म्हणतो. पुढे संत ऑगस्टिन यांनी अन्यायी कायद्याला कायदा म्हणावे का, हा प्रश्न उभा केला. इसवी सन ११४० च्या सुमारास ग्रेशियनने ख्रिस्तसभेच्या कायद्यांचा जो संग्रह सिद्ध केला, त्याच्या आरंभीच नैसर्गिक नियमाचा निर्देश आहे. इतरांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच आपण त्यांच्याशी वागावे, हे त्याचे सार तेथे दिले आहे.

संत थॉमस अक्वायनस यांची मांडणी

या साऱ्या धाग्यांचा एक वस्त्रपट विणला तो संत थॉमस अक्वायनस (मृत्यू १२७४) यांनी. त्यांच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात कायद्याविषयीचे विवेचन सलगपणे येते. कायद्याची त्यांची व्याख्या चार खांबांवर उभी आहे : कायदा हा विवेकाचा आदेश असतो, तो सर्वांच्या हितासाठी असतो, समाजाची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो तो करतो, आणि तो जाहीर केलेला असतो. यातला एक खांब काढला तरी उरते ती नुसती सक्ती.

त्यानंतर ते कायद्याचे चार प्रकार सांगतात. देव ज्या शहाणपणाने विश्व चालवतो तो शाश्वत नियम. विवेकी प्राणी म्हणून माणूस त्या शहाणपणात जो भाग घेतो तो नैसर्गिक नियम. राज्यकर्ते समाजासाठी करतात तो मानवी कायदा. आणि धर्मग्रंथातून प्रकट झालेला तो दैवी नियम.

नैसर्गिक नियमाचे पहिले सूत्र अगदी साधे आहे : चांगले ते करावे, वाईट ते टाळावे. चांगले कोणते, हे माणसाच्या मूळ ओढींवरून कळते. जगण्याची ओढ सर्वच अस्तित्वांना असते. तिच्यातून जीवरक्षणाचे कर्तव्य येते. स्त्रीपुरुषांचे मीलन आणि अपत्यांचे संगोपन ही ओढ माणसाला इतर प्राण्यांसारखीच आहे. तिसरी ओढ मात्र केवळ माणसाची : सत्य जाणण्याची, देवाला ओळखण्याची आणि समाजात राहण्याची. सलोख्याच्या दृष्टीने ही तिसरी ओढ फार मोलाची आहे. समाज हा भीतीपोटी केलेला तह आहे, असे अक्वायनस मानत नाहीत. माणूस मुळातच सहवासासाठी घडला आहे. म्हणून शेजाऱ्याशी सलोख्याने वागणे त्याच्या स्वभावाच्या पूर्ततेचाच भाग ठरते.

हा नियम म्हणजे तयार उत्तरांची वही नाही, हेही अक्वायनस स्पष्ट करतात. त्यासाठी त्यांनी एक जुने उदाहरण घेतले आहे. कोणी आपल्याकडे ठेव ठेवली असेल तर मागताक्षणी ती परत करावी, हा नियम रास्त आहे. पण ठेवणारा ती मायदेशाविरुद्ध लढण्यासाठी मागत असेल, तर ती देणे घातक आणि म्हणून अविवेकाचे होईल. मूळ सूत्रे सर्वांसाठी एकच असतात. तपशिलात उतरावे तसतसे अपवाद वाढतात आणि चुकण्याची शक्यताही वाढते. वाईट सवयींनी, वासनेने किंवा समाजाच्या चुकीच्या वळणाने माणसांच्या डोळ्यांवर झापड येऊ शकते. ज्यूलियस सीझरच्या वर्णनातल्या जर्मन टोळ्यांना लूटमार वाईट वाटत नव्हती, हा दाखला ते देतात.

मानवी कायदा नैसर्गिक नियमातून दोन वाटांनी निघतो. ‘कोणाला इजा करू नये’ यातून ‘खून करू नये’ हा सरळ निष्कर्ष निघतो. गुन्हेगाराला शिक्षा व्हावी हेही विवेक सांगतो. पण ती किती व्हावी, हे त्या त्या समाजाने ठरवायचे असते. रस्त्यावर गाडी डावीकडून चालवावी की उजवीकडून, याचे उत्तर कोणाच्या अंतःकरणावर कोरलेले नाही. एकदा ठरल्यावर ते पाळावे, एवढे मात्र विवेक निश्चित सांगतो. शिवाय कायद्याने प्रत्येक दुर्गुणाच्या मागे लागू नये, असा संयमही अक्वायनस शिकवतात. ज्याच्या बंदीवाचून समाज टिकणार नाही असे गंभीर अपराध, विशेषतः दुसऱ्याला इजा करणारे, कायद्याने रोखावेत. अपूर्ण माणसांवर न पेलणारे ओझे लादले तर ती ते फेकून देतात आणि आणखी बिघडतात.

सलोखा कशाला म्हणावे

वाद नाही म्हणजे सलोखा आहे, हे समीकरण कॅथलिक विचाराला मान्य नाही. संत ऑगस्टिन यांनी ‘देवाचे नगर’ या ग्रंथात दाखवून दिले आहे की दरोडेखोरांनाही आपल्या टोळीत शांतता हवी असते. लुटीची वाटणीही ते ठरल्याप्रमाणे करतात. न्यायावाचून चालणारे राज्य त्यांच्या लेखी मोठ्या टोळीहून वेगळे नाही. खरी शांती प्रत्येक गोष्ट आपल्या योग्य जागी असण्यातून येते, आणि ती जागा बळाने ठरत नाही, न्यायाने ठरते.

म्हणून दबलेल्यांचे मौन हा या शिकवणीत सलोख्याचा पुरावा मानला जात नाही. अन्यायी कायदा सदसद्विवेकबुद्धीला बांधत नाही, असे अक्वायनस म्हणतात. मात्र त्याला ते एक पथ्य जोडतात : मोठा गोंधळ टाळण्यासाठी माणसाने प्रसंगी स्वतःचा हक्क सोडून द्यावा, पण देवाच्या आज्ञेविरुद्ध जाणारा कायदा कधीही पाळू नये. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग हे बॅप्टिस्ट पाळक होते. एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात त्यांनी वर्णभेदाचे कायदे का मोडायचे, हे सांगताना ऑगस्टिन आणि अक्वायनस या दोघांचाही आधार घेतला.

अमेरिका आणि गोवा : दोन कसोट्या

ही शिकवण खरी कसाला लागली ती सोळाव्या शतकात, ख्रिस्ती सत्ता समुद्रापार गेल्यावर. डिसेंबर १५११ मध्ये स्पेनच्या ताब्यातील हिस्पॅनिओला बेटावरच्या सांतो दोमिंगो येथे अंतोनियो दे मोंतेसिनोस या डॉमिनिकन धर्मगुरूने नाताळापूर्वीच्या रविवारी प्रवचन केले. समोर वसाहतीचे अधिकारी आणि मूळ रहिवाशांना खाणींत राबवणारे जमीनदार बसले होते. हे रहिवासी माणसे नाहीत काय, त्यांना विवेकी आत्मे नाहीत काय, असा सवाल त्याने त्यांना तोंडावर केला. शब्द मागे घेण्याचा दबाव आला, तेव्हा पुढच्या रविवारी तो पुन्हा उभा राहिला आणि त्याने तेच ठणकावून सांगितले.

पुढे पोप तिसरे पॉल यांनी १५३७ मध्ये जाहीर केले की या लोकांचे स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, मग ते ख्रिस्ती नसले तरी. १५३९ मध्ये सालामांका विद्यापीठात फ्रांसिस्को दे वितोरिया यांनी हाच मुद्दा शास्त्रीय पद्धतीने मांडला. मालकीचा हक्क विवेकी मनुष्यपणातून येतो. पापामुळे किंवा अश्रद्धेमुळे तो जात नाही, आणि पोप हे साऱ्या जगाचे ऐहिक धनी नाहीत. मात्र १५५०-५१ मध्ये वायादोलिद येथे झालेल्या वादात सेपुल्वेदा यांनी काही माणसे निसर्गतःच गुलामीसाठी असतात, या ॲरिस्टॉटलच्या विधानाचा आधार घेऊन अमेरिकेतील स्पेनच्या विजयाचे समर्थन केले, तर बार्तोलोमे दे लास कासास यांनी त्याचा कडाडून प्रतिवाद केला. ‘निसर्ग’ हा शब्द दोन्ही बाजूंच्या तोंडी होता. त्या शब्दाआड सत्ताधाऱ्यांचा स्वार्थ लपू शकतो, हा धडा तेव्हापासून या परंपरेसमोर आहे.

गोव्याची कसोटी अधिक कडू आहे. अश्रद्धांना श्रद्धेची सक्ती करू नये, कारण विश्वास ठेवणे हे इच्छेचे काम आहे, हे अक्वायनस यांनी तीन शतके आधी लिहून ठेवले होते. ज्यू आईबापांच्या मनाविरुद्ध त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा देणे हे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, असेही त्यांनी निःसंदिग्ध म्हटले होते. मूल समजत्या वयाचे होईपर्यंत निसर्गतः आईबापांच्या छत्राखाली असते. तरीही पोर्तुगीज सत्तेखालच्या गोव्यात १५५९ मध्ये अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करण्याचे फर्मान निघाले. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मनिष्ठा तपासणारे न्यायालय, आले आणि मधला अल्पसा खंड सोडता १८१२ पर्यंत टिकले. देवळे पडली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला, म्हणजे तेव्हा पोर्तुगीज सत्तेबाहेर असलेल्या अंत्रुज महालात, भक्तांनी हलवली. एकदा स्वीकारलेली श्रद्धा सोडणाऱ्यांवर सक्ती करता येते, असे अक्वायनस यांनी मानले होते. त्या उणिवेतून इन्क्विझिशनला वाट मिळाली. बाप्तिस्मा घेतलेल्यांमध्येही बामण, चारडी असे जातिभेद राहिले. सर्व माणसे एकाच स्वभावाची आहेत, ही शिकवण उंबरठ्याआतही पुरती उतरली नव्हती.

१२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या असहिष्णुतेबद्दल देवाकडे क्षमा मागितली. नैसर्गिक नीतिनियम इतरांना मोजायचे माप म्हणून वापरायचा, तर त्याच मापाने स्वतःलाही मोजून घ्यावे लागते, याची ती जाहीर कबुली होती.

कामगार, राज्य आणि मधल्या संस्था

एकोणिसाव्या शतकात कारखानदारीने नवा प्रश्न उभा केला. पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले. खासगी मालमत्ता हा नैसर्गिक हक्क आहे, असे त्यात त्यांनी समाजवाद्यांना सांगितले. पण मालकांनाही तितक्याच ठामपणे सुनावले. मजुरी किती, हे मालक आणि मजूर यांनी आपसात ठरवले की न्याय झाला, ही समजूत त्यांनी खोडून काढली. घरी चूल पेटत नाही म्हणून मजूर मिळेल त्या पैशावर ‘हो’ म्हणतो, तेव्हा तो करार खुशीचा नसतो. गरजेने त्याच्यावर केलेली ती जबरदस्ती असते. काटकसरीने राहणाऱ्या मजुराचा चरितार्थ चालेल इतकी मजुरी, हा कोणत्याही करारापेक्षा जुना आणि वरचा न्याय आहे. संघटना करण्याचा हक्कही त्यांनी नैसर्गिक ठरवला. भांडवल आणि श्रम ही एकाच शरीराची अंगे असून त्यांनी परस्परांना तोलून धरावे, हे त्यांचे सलोख्याचे चित्र होते.

चाळीस वर्षांनी, १९३१ मध्ये, पोप अकरावे पायस यांनी पूरकतेचे तत्त्व मांडले. जे काम कुटुंब, गाव किंवा कामगार संघटना करू शकते, ते वरच्या सत्तेने बळकावू नये. खालच्यांना जमत नसेल तेथे मदतीला धावावे. याच पोपनी १९३७ मध्ये नाझी राजवटीविरुद्ध मुद्दाम जर्मन भाषेत लिहिलेले परिपत्रक त्या देशातील चर्चमध्ये झावळ्यांच्या रविवारी वाचले गेले. वंश आणि राज्य यांना देवत्व देणारे, नैसर्गिक नियमाच्या विरोधात जाणारे कायदे त्यात धिक्कारले होते.

मालमत्तेच्या हक्कालाही मर्यादा आहे. सृष्टीतील संपत्ती मुळात सर्व माणसांसाठी आहे. खासगी मालकी ही तिची नीट निगा राखण्याची व्यवस्था होय. उपाशी माणसाने जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या साठ्यातले अन्न घेतले, तर ती चोरीच नव्हे, असे अक्वायनस यांनी लिहिले आहे. पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ (२०१५) आणि ‘फ्रातेल्ली तुत्ती’ (२०२०) या परिपत्रकांत हाच मुद्दा पाणी, जमीन, हवामान आणि स्थलांतरित यांच्यापर्यंत नेला आहे.

मानवी हक्क आणि धर्मस्वातंत्र्य

दुसऱ्या महायुद्धाच्या संहारानंतर १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या वैचारिक तयारीत फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ झाक मारितँ यांचा सहभाग होता. परस्परविरोधी विचारांच्या माणसांचे हक्कांच्या यादीवर एकमत होऊ शकते, मात्र त्या हक्कांचा पाया कोणता, या प्रश्नावर नाही, हा अनुभव त्यांनी नोंदवला. माणसे विवेक आणि सदसद्विवेकबुद्धी घेऊन जन्मतात, हे जाहीरनाम्याचे पहिलेच कलम सांगते. त्या कलमातला केवळ पुरुषवाचक शब्द बदलून तेथे ‘सर्व मानव’ असा अर्थ आणण्यासाठी मुंबईच्या विधिमंडळात काम केलेल्या हंसा मेहता आग्रही राहिल्या.

११ एप्रिल १९६३ रोजी पोप तेविसावे जॉन यांनी ‘पाचेम इन तेर्रिस’ हे परिपत्रक काढले. क्यूबाच्या क्षेपणास्त्र संकटाला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. हे पत्र कॅथलिकांपुरते न ठेवता त्यांनी सद्भावना असलेल्या सर्व माणसांना उद्देशून लिहिले. सत्य, न्याय, प्रेम आणि स्वातंत्र्य या चार आधारांवर शांती उभी राहते, आणि प्रत्येक हक्काला कर्तव्याची जोड असते, हे त्याचे सूत्र आहे. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला : २३०८ मते बाजूने, ७० विरुद्ध. माणसाची प्रतिष्ठा हाच धर्मस्वातंत्र्याचा पाया ठरला. चुकीची श्रद्धा बाळगणाऱ्यालाही तो हक्क आहे. मोंतेसिनोसने विचारलेल्या प्रश्नाचे आणि गोव्यात दडपल्या गेलेल्या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेच्या सर्वोच्च सभेने असे लेखी दिले.

आक्षेप

या शिकवणीवर तीन मोठे आक्षेप घेतले जातात. पहिला डेव्हिड ह्यूम यांच्या विचारातून येतो : जग कसे आहे यावरून माणसाने कसे वागावे हे सिद्ध होत नाही. यावर जॉन फिनिस यांच्यासारख्या आधुनिक अभ्यासकांचे उत्तर असे की जीवन, ज्ञान, मैत्री ही मूल्ये निसर्गाच्या निरीक्षणातून काढलेली नसतात. कृती करणाऱ्या माणसाच्या विवेकाला ती स्वयंस्पष्ट असतात. दुसरा आक्षेप प्रॉटेस्टंट परंपरेतला आहे. पापाने मलिन झालेल्या मानवी बुद्धीवर इतका भरवसा ठेवणे स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांनी १९३४ मध्ये ठामपणे नाकारले. कॅथलिक विचार बुद्धीला जखमी मानतो, मृत मानत नाही.

तिसरा आक्षेप सर्वाधिक जिव्हाळ्याचा आहे. नियम सर्वांना कळणारा असेल, तर त्याच्याविषयी इतका मतभेद का? १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी ‘हुमाने व्हिते’ या परिपत्रकात कृत्रिम संततिनियमन नैसर्गिक नियमाविरुद्ध ठरवले. त्याआधी नेमलेल्या आयोगातील बहुमत वेगळ्या निष्कर्षाला आले होते, आणि अनेक श्रद्धावंत कॅथलिकांनाही तो युक्तिवाद पटला नाही. मूळ सूत्रांची खात्री तपशिलात कमी होत जाते, हे अक्वायनस यांचे म्हणणे येथे आठवते. जो नियम विवेकाला पटतो असा दावा आहे, तो पटवूनच द्यावा लागतो. नुसत्या अधिकाराने तो सांगितला तर त्याचे वैशिष्ट्यच हरवते.

संवादाची भाषा

२००९ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने वैश्विक नीतीच्या शोधाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. हिंदू, बौद्ध, ताओ, इस्लामी आणि आफ्रिकी परंपरांतील नीतिविचारांशी नाते जोडून त्याची सुरुवात होते. भारतीय वाचकाला येथे धर्मशास्त्रातील सामान्य धर्माची आठवण होईल : अहिंसा, सत्य, अस्तेय यांसारखी वर्ण आणि आश्रम यांच्या पलीकडे सर्वांना लागू असलेली कर्तव्ये. दोन्ही कल्पना एकच नाहीत, कारण कॅथलिक विचारात नियमाच्या मुळाशी सृष्टिकर्ता देव आहे. तरीही दोघींना एकत्र बसून बोलता येईल इतकी जमीन समाईक आहे.

ही समाईक जमीन वसईत अक्षरशः पायाखालची ठरली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस धर्मगुरू आणि मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. वाड्यांचा, विहिरींचा आणि शेतांचा घास घेणाऱ्या बांधकामांविरुद्ध आणि त्यामागच्या दहशतीविरुद्ध ती लढली. विहिरीचे गोडे पाणी टँकरने उपसले की ती खारी होते, आणि ती ख्रिस्ती वाडीत आहे की हिंदू आळीत, याने काही फरक पडत नाही. त्यामुळे या लढ्यात सर्व धर्मांची माणसे आली. जमीन आणि पाणी हे सर्वांच्या जगण्यासाठी आहे, एवढे मान्य करायला कोणाला आपली श्रद्धा बाजूला ठेवावी लागली नाही. संघर्षातून गेलेला आणि न्यायाची मागणी न सोडणारा असा एकोपा, यालाच कॅथलिक शिकवण सलोखा म्हणते.